आमी गरीब मानसं

माझी मैत्रीण महिनाभर आपल्याकडे राहायला येणार आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "ती खाती काय?"

"ज्वारी," मी म्हटलं.

आई गवारीच्या शेंगा मोडत होती. तिचा हात थांबला. "परदेशातली म्हनलीस ना? मंग जवारी कावून खाती?"

"त्यांच्याकडेही तीच पिकते."

"अगं माय," आई म्हणाली. तिच्यापुरता विषय तिथेच मिटला. वडिलांना काय सांगायचं ते तिनेच सांगितलं.

मैत्रीण सुदानची. संभाजीनगरला शिकताना आम्ही एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहायचो. एप्रिलमध्ये पाणी कमी पडलं, मेस बंद झाली आणि मुली आपापल्या घरी निघाल्या. तिला घरी जाता येत नव्हतं. तिच्या शहरात लढाई चालू होती आणि विमानतळ लढाईच्या सुरुवातीलाच बंद पडला होता. तिचे काही लोक अजून तिकडे आहेत, म्हणून मी इथे कोणाचंच नाव लिहीत नाही. तिनेच तसं सांगितलंय.

मला ओळखणाऱ्यांना हे सगळं मी घडवून आणलं यावर विश्वास बसणार नाही. कंडक्टरने मला आमच्या गावाच्या, सिरसाळ्याच्या, पुढच्या थांब्यावर उतरवलं, तर काही न बोलता उन्हात मागे चालत येणारी मी. शाळेला मी परळीला जायची, व्हॅनमधून, इंग्रजी माध्यमात. शाळेत मराठी बोललं की बाई उभं करायच्या. घरी इंग्रजी बोललं की चुलत भावंडं हसायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं, तेच मी शिकले. अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला तो आकडा मनात इंग्रजीत लिहून बघावा लागतो.

पहिल्या सहामाहीत आम्ही दोघी दिवसाला चार-पाच वाक्यं बोलत असू. ती माझ्यासारखीच लाजाळू आहे असं मी धरून चालले होते. ती लाजाळू नव्हतीच. तिच्याजवळ बोलायला भाषा नव्हती, एवढंच. तिचं इंग्रजी जसजसं मोकळं झालं तसतशी ती बडबडी निघाली, आणि मी होते तिथेच राहिले.

सिरसाळ्याला येताना एसटीत, वडवणीच्या पुढे, तिने मला तिच्या आईची पूर्ण गोष्ट सांगितली.

ती बारावीत असताना त्यांच्याकडे सरकारविरुद्ध उठाव झाला. तिची आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, कडक, नवरा गेल्यावर एकटीने संसार ओढलेली. रस्त्यावर उभं राहून चहासुद्धा न पिणारी बाई. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहावाली बसायची, बुटक्या स्टुलावर, समोर कोळशाची शेगडी. मैत्रिणीची आई रोज तिच्यासमोरून जायची, पण कधी मान वळवून बघायची नाही. एक दिवस मोर्चावर अश्रुधूर सोडला. माणसं पळाली. चहावालीने शेगडी लाथेने उलटी केली, या मायलेकींना हाताला धरून आपल्या अंगणात ओढलं आणि दार लावून घेतलं. आत आणखी सात-आठ मुली होत्या. चहावालीने सगळ्यांना ओळीने बसवून डोळे धुतले. शिक्षिकाबाईंचे डोळे धुताना म्हणाली, "आता तरी माझ्याकडे बघा."

"उठाव झाला नसता तर माझी आई तिच्याशी कधी बोललीच नसती," मैत्रीण म्हणाली. "त्यानंतर दोघी प्रत्येक मोर्चाला एकत्र. मला घरी ठेवून जायच्या! म्हणायच्या, तुझी परीक्षा आहे."

पुढे लष्कराने सत्ता घेतली, तरी बायकांचे मोर्चे थांबले नाहीत. मग ज्यांच्या हातात बंदुका होत्या तेच दोन गट एकमेकांवर उलटले आणि युद्ध सुरू झालं. बाजार जळाले. जमेल तेवढे लोक शहर सोडून गेले. मागे उरलेल्यांना जेवायला कोण घालणार? गल्लीतल्या बायकांनी आपापली मोठी भांडी एका अंगणात आणली. चौदा बायका. चहावाली रांधायची, शिक्षिकाबाई कोणाच्या घरात किती तोंडं आहेत ते वहीत लिहून वाटप करायच्या. मोर्चांत जमलेली मैत्री तशीच चुलीकडे आली.

आता गल्लीतून बाहेर पडायचा एकच रस्ता उरला होता. तोही काही आठवड्यांत बंद होईल असं सगळे म्हणत होते. पूर्वेकडच्या एका गावात मैत्रिणीची मावशी होती. तिथवर लढाई पोचली नव्हती. आईने रस्ता बंद व्हायच्या आत मावशीकडे निघावं, एवढंच मैत्रिणीला हवं होतं.

"मी दर वेळी एकच सांगते, निघ. ती दर वेळी म्हणते, उद्याची डाळ भिजवलीय."

"मग?"

"मग काय. चहावालीचे गुडघे गेलेत, तिला चालता येत नाही. आई तिला सोडून हलत नाही." थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आता मी दुसरं सुरू केलंय. तिला सांगते, मी इथे परक्या लोकांत एकटी आहे, मला झोप नाही, तू सुखरूप पोचल्याशिवाय मी परीक्षेला बसणार नाही. मागच्या वेळी पहिल्यांदा ती गप्प झाली. म्हणाली, विचार करते."

तिला वाटत होतं, अजून एक-दोन फोन आणि आई तयार होईल.

*

आमच्या घरी ती चार दिवसांत माझ्यापेक्षा जास्त रुळली. आईला मराठीशिवाय काही येत नाही आणि तिला मराठीतले दहा शब्द येत होते, तरी दोघी सकाळपासून बोलत असायच्या. तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीचं पीठ भिजवून आंबायला ठेवलं. चौथ्या दिवशी आईच्या तव्यावर ते पातळ ओतून शिंदीच्या पानाच्या तुकड्याने झरझर पसरवलं. कागदासारखी पोळी सुटून आली. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"भाकर थापायचा कंटाळा आला की असं करतेत व्हय त्यांच्यात?" काकूंनी विचारलं.

"आंबील वाळवल्यावानी लागतंय," आई एक तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "पन ग्वाड हाय. तुमी खा की. बघत काय बसल्या?"

"मला चालंल का?"

"जवारीला काय जात असती व्हय?"

काकूंनी दोन खाल्ल्या. आणखी दोन पदराखाली घेऊन गेल्या, घरी दाखवायला म्हणून.

तिकडे वीज आणि नेट गल्लीतल्या एकाच घरात होतं आणि त्या घराबाहेर रांग लागायची. मैत्रिणीच्या आईला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मिळायची. त्या शुक्रवारी दुपारी फोन आला तेव्हा आम्ही तिघी पंख्याखाली बसलो होतो. मायलेकींचं बोलणं सुरू झालं. मला अरबी कळत नाही, पण मैत्रिणीचा आवाज कळत होता. ती पुन्हा तेच मागत होती. मध्येच तिने फोन स्पीकरवर टाकला आणि मला इंग्रजीत म्हणाली, "तिला तुझ्या आईशी बोलायचंय."

असं ठरलं की आई मराठीत बोलेल, मी ते इंग्रजीत सांगेन आणि मैत्रीण अरबीत. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवू लागले. आईला मात्र काहीच वाटलं नाही. तिने पदर सारखा केला, जणू समोरची बाई बघतेय, आणि फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "सांग त्यांना, आमी गरीब मानसं हाव, पन पोरीला काई कमी पडू देनार न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून ओरडल्यासारखा आवाज आला. "गरीब! गरीब!" मग हसणं, मग रडणं, मग भराभर अरबी. पाठीमागे आणखी बायका काहीतरी विचारत होत्या आणि मैत्रिणीची आई त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, गरीब, गरीब. माझी आईही खूश होऊन म्हणाली, "कळलं की त्यांना! तू कशाला हाईस मंग मधी?"

मैत्रिणीचा चेहरा उतरला होता. फोन कट झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

सुदानमध्ये बोलताना एका अक्षराचा 'ग' होतो. त्यामुळे 'गरीब' म्हणजे त्यांच्याकडे जवळचा, आपल्यातला, नात्यातला. घशातून काढलेला दुसरा एक 'ग' आहे, तो लावून तोच शब्द म्हटला तर अर्थ होतो परका. आमचा गरीब खरं तर त्या दुसऱ्यावरून आलेला, पण आईने म्हटला आपल्या साध्या ग ने. हजारो मैलांवरून एका बाईने ऐकलं, आम्ही जवळची माणसं आहोत. मैत्रिणीला येणाऱ्या दहा मराठी शब्दांत 'गरीब' होता, म्हणून तिला दोन्ही अर्थ कळले होते.

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी मुलगी आपल्या माणसांत आहे, मला आता घोर नाही. आता मला निघायची घाई नाही." मैत्रीण माझ्याकडे बघत होती. "तू लगेच सांगायला हवं होतंस, त्याचा अर्थ पूअर आहे म्हणून."

"मला अरबी येत नाही."

"तुला कुठल्याच भाषेत येत नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

खरं तर तीही काही बोलली नव्हती. पण हे माझ्या मनात आलं तेव्हा ती दार लावून बसली होती. मला वेळेवर कधीच काही सुचत नाही.

*

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पाण्याचा ग्लास ठेवला की ती इंग्रजीत आभार मानायची. आमच्यात आभार मानायची रीत कधीच नव्हती. आईशीही तिचं बोलणं कमी झालं. दुपारी ती माळवदावर जायच्या जिन्यात बसून फोनवर बातम्या बघत राहायची. रस्त्याविषयीच्या बातम्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "भांडलात व्हय गं?"

"नाही."

"मंग ती भाकर अर्धी ठिवून कावून उठती? काय केलंस तू?"

"मी नाही, तू केलंस," माझ्या तोंडून निघालं, आणि मग सगळंच सांगावं लागलं.

आईला आधी हसू आलं. "म्हंजी मी म्हनले आमी फाटकी, अन् त्यास्नी वाटलं सोयरी?" मग तिचं हसू गेलं. जात्यावरच्या धान्यासारखं तिने ते सगळं हळूहळू आत घेतलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ही तिला एकलीलाच बोलावती का?"

"म्हणजे?"

"तिच्या मायला. एकलीलाच ये म्हनती?"

"हो. मावशीकडे."

"अन् त्या बाकीच्या तेरा?"

चौदातून एक वजा करून आई तेरापर्यंत आली होती आणि आम्ही दोघींनी इतक्या दिवसांत ती वजाबाकी एकदाही केली नव्हती.

"मी न्हाई का तुला सांगितलं, आमी कारखान्याला जायचो ते?" आई म्हणाली.

तिने फारसं कधी सांगितलं नव्हतं. आई लहान असताना तिचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे आणि पोरांनाही सोबत न्यायचे. तिच्या गावातून जवळपास सगळेच जायचे. उन्हाळा लागता लागता परत. तिची शाळा त्यात गेली. मला व्हॅनमधून परळीला पाठवायचा हट्ट तिचा होता, तो त्यामुळेच. पण त्याबद्दल ती बोलत नसे आणि मी विचारत नसे.

"एकली बाई कदी निघायची न्हाई," आई सांगत होती. "टोळी निघायची. भांडी, पाटा, कोंबड्या, म्हातारी मानसं, तान्ही लेकरं, समदं गाड्यात. एक म्हातारी होती आमच्या टोळीत, आंधळी. तिला कशाला न्यायचं म्हून कुनी म्हनत नव्हतं. ती लेकरं राखायची. चूल उचलून न्यायची असती गं. चुलीपासून बाईला तोडून न्यायला बघाल तर ती कशी येईल? मी तरी आले असते का?"

"पण त्यांच्या गल्लीतल्या लोकांचं जेवण?"

"रस्ता बंद झाल्यावर काय शिजवनार हायेत? दगड? अन् बाकीच्यास्नी बी संगं न्यावं की. जेवढे चालतेत तेवढे." मग तिने हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "तू सांग तिला."

"तू सांग ना."

"मला विंग्रजी येतं व्हय? तुला शिकवलं कशाला मंग?"

मी जिन्यात गेले. मैत्रीण दोन पायऱ्या वर बसली होती. मला आठवतं, मी तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघून बोलले, कारण तसं सोपं जात होतं. मी आधी म्हटलं की माझं चुकलं, मी गप्प बसले. मग आईचं सगळं सांगायला लागले आणि 'टोळी' या शब्दावर अडले. मला एकच शब्द सुचला.

"माझी आई म्हणते, तुझ्या आईने गँगबरोबर निघावं."

मैत्रीण उठून उभी राहिली. "कुणाबरोबर?"

"गँग. म्हणजे... बायकांची. भांडी घेऊन. आणि कोंबड्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिला बंदुका घेतलेल्या माणसांच्या टोळ्या आठवल्या होत्या, आणि पुढच्याच शब्दाला त्यांच्या हातात मी कोंबड्या दिल्या होत्या. हसून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी पूर्ण. एका वेळी इतकं मी तोवर कोणाशीच बोलले नव्हते, कोणत्याच भाषेत.

"मी तिला म्हणत होते, तुझ्या मैत्रिणींना सोड," ती शेवटी म्हणाली. "आणि मला राग येत होता की ती सोडत का नाही."

*

पुढच्या शुक्रवारी फोन लागेपर्यंत आम्ही तिघी दोन तास फोनभोवती बसून होतो. लागल्यावर मैत्रिणीने मला खूण केली. हे माझं काम होतं. मी इंग्रजीत म्हणाले, आणि तिने अरबीत सांगितलं: माझ्या आईने म्हटलेल्या शब्दाचा आमच्याकडे अर्थ वेगळा आहे. आमच्याकडे पैसाअडका बेताचा आहे, एवढंच ती म्हणत होती. तुमचा गैरसमज झाला आणि तो मी तसाच राहू दिला.

पलीकडे कोणालातरी ओरडून काही सांगितल्याचा आवाज, आणि दुसऱ्या एका बाईचं मोठं, खरखरीत हसणं.

"चहावाली आहे," मैत्रीण म्हणाली. "तिने पैज लावली होती की अर्थ दुसराच निघणार. म्हणत होती, इतक्या लांब राहतात आणि जवळचे कसे? आई एक कप चहा हरली. साखरेचा."

मैत्रिणीची आई पुन्हा फोनवर आली. ती म्हणाली, अर्थ काही का असेना, मुलगी दोन वेळ जेवतेय ना? जेवतेय, असं मी सांगितलं. जाडसुद्धा झालीय. हे मैत्रिणीने अरबीत सांगितलं नाही. मला कळलं, कारण ते वाक्य तिने दोन शब्दांत संपवलं.

मग आईने फोन ओढून घेतला. "बाई, ऐका," ती मराठीत म्हणाली, कोणीतरी पुढे सांगेल या पूर्ण भरवशाने. "एकलीनं निगू नका. समद्या निगा. गुडघेवालीला गाड्यात घाला. भांडी मागं ठिवू नका, भांडी ऱ्हायली की मन माघारी जातंय. अन् पुढं गेल्यावर बी एकाच जागी ऱ्हावा, नातेवाइकांच्यात पांगू नका. पांगलं की संपलं."

मी सांगितलं. मैत्रिणीने सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, माझ्या आईला हे कसं माहीत? युद्ध पाहिलंय का तिने?

"युद्ध न्हाई," आई म्हणाली. "ऊस."

हे इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला आणि तेवढ्यात त्यांची दहा मिनिटं संपली. मैत्रिणीची आई हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. शेवटी ती एवढंच म्हणाली की इतरांना विचारावं लागेल.

"पहिल्यांदा तिने उद्याच्या डाळीचं नाव काढलं नाही," मैत्रीण म्हणाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी बातमी आली की तो रस्ता बंद झाला.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहिता येत नाही. मैत्रीण जेवायची, कारण आई समोर बसायची. आंघोळ करायची, केस विंचरायची, परीक्षेचं पुस्तक उघडून एकाच पानावर बसायची. मी तिच्याजवळ बसायची. बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि निदान या कामात मी तयार होते. शेजारच्या काकू रोज दाराशी येऊन विचारायच्या, "आली का हो खबर?" आम्ही नाही म्हटलं की म्हणायच्या, "येईल की. बायाची टोळी हाय, सावकाशच येनार. अर्धा वेळ तर भांडी मोजन्यातच जातो." एकदा तर मैत्रिणीला बाजूला घेऊन त्यांनी मराठीत अर्धा तास काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं तर मैत्रीण म्हणाली, "एक शब्द कळला नाही. पण बरं वाटलं."

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, एका अनोळखी नंबरवरून आवाजाचा निरोप आला. मैत्रिणीने तो उभ्याने ऐकला. मग खाली बसून पुन्हा ऐकला. मग मला सांगू लागली आणि मी आईला.

रस्ता बंद व्हायच्या दोन दिवस आधी त्या निघाल्या होत्या. चौदापैकी तेरा बायका, त्यांची मुलं आणि गल्लीतली आणखी काही घरं. एक मागे राहिली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, त्याला हलवता येण्यासारखं नव्हतं. तिच्याजवळ त्यांनी होतं नव्हतं ते सगळं धान्य ठेवलं. निरोपात मैत्रिणीची आई तिच्याबद्दल बोलताना दोनदा थांबली. चहावालीला गाढवाच्या गाड्यात बसवलं. तिने मांडीवर सगळ्यात मोठं पातेलं घेतलं होतं आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर ती त्याच्या आडून शिपायांना विचारायची, तुम्ही जेवलात का? दोन चौक्यांवर भांडी उतरवून घेतली. एका ठिकाणी झारा आणि परात गेली. पातेली राहिली. आता त्या मावशीच्या गावी पोचल्या होत्या. मावशीने बहिणीला घरात चल म्हटलं, पण ती गेली नाही. गावाबाहेरच्या शाळेच्या पटांगणात सगळ्या एकत्र उतरल्या होत्या.

आई पदराने डोळे पुसत होती आणि त्याच वेळी म्हणत होती, "परात गेली म्हंजी लई नुकसान झालं गं. भाकरी कशात मळतीन?"

मैत्रीण आईच्या गळ्यात पडली. नंतर माझ्याही. मी अशा वेळी हात कुठे ठेवायचे ते विचार करत बसते, पण त्या दिवशी तेवढा वेळ मिळाला नाही.

दुपारी दुसरा निरोप आला. तो आमच्या आईसाठी होता. मैत्रिणीच्या आईने विचारलं होतं: तुमची टोळी नव्या जागी पोचली की पहिल्या दिवशी काय करायची? आम्हाला काही सुचत नाही, सगळ्या नुसत्या बसून आहेत.

आईने बराच विचार केला. अशी विचारात बसलेली आई मी कधी पाहिली नव्हती. तिला कोणी कधी हे विचारलंच नव्हतं.

"पानी कुठं हाय ते बघायचं आदी," ती म्हणाली. "मंग चूल. मंग कोन कुठं ऱ्हानार त्यावरून भांडान व्हायचं. लई जोराचं. सावलीतली जागा समद्यांनाच पायजे असती. एकदा ते भांडान झालं की मंग मानसं बसती. तोवर समदी पाव्हनीच वाटतेत."

मी ते सांगितलं. 'भांडण' हा शब्द मी न डगमगता बरोबर सांगितला. मैत्रिणीने निरोप रेकॉर्ड करून पाठवला आणि आम्ही आईच्या हातचा चहा घेत बसलो. कप रिकामे व्हायच्या आत उत्तर आलं. पाठीमागे मुलांचा गोंधळ होता आणि दोन बायका एकमेकींवर आवाज चढवत होत्या.

मैत्रीण ऐकता ऐकता हसायला लागली.

"काय म्हनती?" आईने विचारलं.

"म्हणते, भांडण आत्ताच सुरू झालंय. पटांगणात एकच बाभूळ आहे. चहावाली गाड्यातून थेट तिच्याखाली उतरली आणि आता उठायला तयार नाही."

"मंग झालं," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली. "आता ऱ्हातेत त्या."